सिंकपाशी ग्रॅनाइट पुन्हा पुन्हा काळं पडतं? सीलरचा डबा उघडण्याआधी हे तपासा

"डाग गेला होता हो, पण परत आला." ग्रॅनाइटचे ओटे बसवायचे आणि काही वर्षांनी तेच दुरुस्त करायला जायचं, असा माझा धंदा. त्यामुळे हे वाक्य मला पाठ झालं आहे. जागाही ठरलेल्याच: सिंकची कड, नळाचं बूड, नाहीतर मागच्या भिंतीला लागून असलेली पट्टी. मी पोचेपर्यंत बहुतेक ठिकाणी सीलरचे, म्हणजे दगडात पाणी मुरू नये म्हणून लावायच्या द्रवाचे, एक-दोन हात मारून झालेले असतात, आणि नेमकं तेच सगळ्यात शेवटी करायचं काम असतं.

डाग परत येतो म्हणजे त्याला कुठून तरी रसद मिळते आहे. ती तोडली नाही तर वरून काहीही चोपडा, पंधरा दिवसांत गाडी मूळ पदावर. खाली आधी लक्षणं दिली आहेत, मग तपासण्या. फुकटातल्या आधी, उकलायच्या-फोडायच्या शेवटी. क्रम शक्यतो मोडू नका. मी मोडून पाहिला आहे, ते पुढे येईलच.

लक्षणं

लांबून सगळे डाग सारखेच दिसतात. ओल्या बोटाने आणि टॉर्चने जवळून पाहिलं की जाती वेगळ्या निघतात.

- सिंक किंवा नळाभोवती गडद पट्टा, हाताला आजूबाजूच्या दगडापेक्षा गार. घर चार दिवस बंद राहिलं की फिकट होतो, वापर सुरू झाला की पुन्हा गडद. हे पाणी.
- शेगडीच्या बाजूला किंवा तेलाची बाटली जिथे ठेवता तिथे गडद डाग, कडा पसरट. कितीही दिवस गेले तरी फिकट होत नाही. हे तेल.
- सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या रुंदीचा गडद काठ, जणू फोटोला चौकट केली आहे. हा सांध्यात भरलेल्या मालातून झिरपलेला तेलकट अंश.
- नळाच्या बुडाशी पांढरी, खरखरीत, घट्ट खपली. हे पाण्यातले क्षार. पांढरंच पण भुरभुरीत, पुसलं की जाणारं आणि आठवड्याने उगवणारं असेल तर क्षार खालून दगडातून वर येताहेत.
- पिवळे-तांबूस ठिपके, विशेषतः फिकट रंगाच्या दगडावर. हा गंज.
- पेल्याच्या बुडाएवढं निस्तेज वर्तुळ, रंग तोच पण चमक गेलेली. याला डाग म्हणू नका, हा ओरखडा किंवा आम्लाचा चट्टा आहे आणि त्याचा इलाज वेगळा.

एकाच ओट्यावर यातले दोन असू शकतात. पाणी आणि क्षार तर जोडीनेच फिरतात.

एवढा कठीण दगड पाणी पितो कसा

हे वाचून मगच पुढे जा, कारण सगळ्या तपासण्या यावरच उभ्या आहेत.

ग्रॅनाइट हा अग्निज खडक. शिलारस जमिनीखाली खोलवर अडकून अतिशय सावकाश थंड झाला की त्यातल्या खनिजांना मोठे स्फटिक बनायला वेळ मिळतो. म्हणून ग्रॅनाइटमधले दाणे डोळ्यांना दिसतात: काचेसारखे करडे ते क्वार्ट्झ, पांढरे-गुलाबी ते फेल्डस्पार, काळे चकचकीत पापुद्रे ते अभ्रक. हे दाणे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, त्यातूनच या दगडाची ताकद येते. अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेच्या सी 615 या मानकानुसार बांधकामाच्या ग्रॅनाइटने किमान 131 मेगापास्कल दाब सोसायला हवा.

पण दाण्यांच्या शिवणी शंभर टक्के बंद नसतात. त्याच मानकात पाणी शोषण्याची कमाल मर्यादा वजनाच्या 0.4 टक्के दिली आहे. आकडा नगण्य वाटतो ना? हिशेब करून बघा. 20 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर ग्रॅनाइट साधारण 54 किलो भरतो. त्याचे 0.4 टक्के म्हणजे 216 ग्रॅम. दिसायला कोरडाठाक असा तो तुकडा पेलाभर पाणी पोटात घेऊन बसू शकतो. चांगला घट्ट दगड याहून खूप कमी पितो, पण पितो.

आणखी एक गोष्ट ओटा बसल्यावर कुणाला दिसत नाही. वरची बाजू पॉलिश केलेली असते, खालची बाजू करवतीखालून आली तशी खरखरीत. सिंकसाठी आणि नळासाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडाही बहुतेकदा कोऱ्याच सोडलेल्या असतात. टीपकागदाचं टोक शाईला लावावं तशी ती कड पाणी ओढते. वरून तुम्ही हजार वेळा पुसाल, दगड खालून पीत राहतो.

पहिली तपासणी: पट्टी लावा आणि थांबा

खर्च शून्य, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. डागाच्या कडेकडेने कागदी मास्किंग टेप चिकटवा, टेपवर तारीख-वेळ लिहा, फोटो काढा. मग ते सिंक दोन दिवस वापरू नका. अगदीच जमत नसेल तर निदान त्या बाजूला पाणी सांडू देऊ नका, रात्री पंखा लावून ठेवा.

दोन दिवसांनी डाग टेपच्या आत सरकला असेल तर पाणी. जागचा हलला नसेल तर तेल किंवा रंग. एवढ्यावरच अर्धं निदान झालं.

उरलेलं अर्धं डाग *कुठल्या बाजूने* सुकला यात आहे. पाणी जिथून येतं तिथली जागा सगळ्यात शेवटी सुकते. एका ओट्यावर हातभर लांब पट्टा होता आणि घरातल्या सगळ्यांना खात्री होती की सिंकची कड गळते. दोन दिवसांनी सिंकची बाजू कोरडी झाली होती आणि नळाच्या मागे बशीएवढा काळा गोल तेवढा उरला होता. सिंकचा दोष काहीच नव्हता. नळाला पाणी देणाऱ्या नळीची चकती झिजली होती, आणि पाणी दगडाच्या खालच्या अंगाने सरकत सिंककडे येत होतं.

दुसरी: हा थर आहे की डाग?

साबणाचा थर, जुनं मेण, क्षारांची खपली हे सगळं दगडाच्या वर बसतं. ते असताना पुढची कुठलीच तपासणी खरं बोलत नाही, म्हणून आधी ते काढा. भांड्यांचा सौम्य साबण दोन थेंब, कोमट पाणी, मऊ फडकं. मग नुसत्या पाण्याने दोनदा पुसून कोरडं करा. "चमक गेली, पॉलिश करून द्या" म्हणून बोलावणाऱ्यांपैकी कित्येकांचं काम इथेच संपतं.

क्षारांच्या खपलीला पातं वापरा. होय, दाढीचं साधं पातं, दगडाला जवळजवळ आडवं धरून. घाबरू नका, कारण काठिण्याच्या मोहस् श्रेणीत क्वार्ट्झ 7 वर, फेल्डस्पार 6 वर आणि साधं पोलाद साडेपाचच्या आसपास. खपलीतलं कॅल्साइट फक्त 3 वर. म्हणजे पातं खपलीला भारी आणि दगडाला हलकं. फक्त अभ्रकाचे काळे पापुद्रे अडीच-तीनवरच असतात, तिथे टोक खुपसू नका, टवका निघतो. पॉलिश ग्रॅनाइटवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात ते बहुतेक अभ्रकाचेच.

तारेचा काथ्या मात्र नको. तो ओरखडे पाडतो म्हणून म्हणत नाही. त्याचे बारीक तुकडे शिवणींत अडकतात, गंजतात, आणि महिन्याभराने तुम्ही तांबूस ठिपक्यांची तक्रार घेऊन उभे राहता.

तिसरी: तुमचं ग्रॅनाइट ग्रॅनाइटच आहे का?

बाजारात पॉलिश घेणाऱ्या जवळपास प्रत्येक कठीण दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. गडद निळी चमक मारणारा नॉर्वेचा प्रसिद्ध दगड भूशास्त्राच्या भाषेत लार्विकाइट. शुद्ध काळं "ग्रॅनाइट" बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट. ते वाईट दगड मुळीच नाहीत, उलट पाणी कमी पितात. अडचण येते ती वेगळ्याच दोन बाबतींत.

एक, दगड संगमरवराच्या कुळातला असेल तर. न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. तिथली चमक मेली तर दगडात कॅल्साइट आहे, आणि पेल्याखालच्या निस्तेज वर्तुळांचं कोडं तिथेच सुटलं. खऱ्या ग्रॅनाइटला लिंबू काही करत नाही.

दोन, करडा दगड काळा दिसावा म्हणून कुणी त्यावर रंग किंवा तेल चोळलेलं असेल तर. पांढऱ्या कापसावर ॲसिटोनचे दोन थेंब घेऊन घासा. कापूस काळा झाला तर तुमचा "डाग" म्हणजे उरलेला रंग, आणि बाकीचा ओटा म्हणजे रंग उडालेला दगड! अशा दगडावर घरच्या घरी करण्यासारखं फार काही नसतं, विकणाऱ्याशीच बोलावं लागतं.

चौथी: थेंब ठेवून घड्याळ बघा

डागापासून वीतभर लांब, कोरड्या जागी चमचाभर पाणी ओता. पंधरा मिनिटांनी टिपून घ्या. दगड गडद झाला नसेल तर वरची बाजू ठीक आहे. दोन-चार मिनिटांतच गडद झाला तर दगड उघडा पडला आहे आणि कधीतरी सीलर लागेल. *कधीतरी*. आत्ता नाही.

या तपासणीचा खरा उपयोग उलटा आहे. वर पाणी मुरत नाही आणि तरीही डाग परत येतो, तर पाणी खालून येतंय. मग वरून लावलेला कुठलाही माल निरुपयोगी. उपयोगच काय, तोटा आहे. सुरुवातीच्या काळात मी एका ओल्या ओट्यावर सीलरचे दोन हात मारले होते. वरून दगड झकास दिसला, मी पैसे घेऊन निघालो. सीलरने वरची वाट कोंडली, खालून पाणी येतच राहिलं, आणि डाग वाळायचाच बंद झाला. आधी घर बंद असलं की निदान फिकट व्हायचा. शेवटी तो सीलर माझ्याच खर्चाने काढावा लागला.

पाचवी: सिंकखाली झोपा

इथे जास्त वेळ द्या, कारण दहातले सात-आठ चोर मला इथेच सापडले आहेत.

कपाट रिकामं करा. अर्धवट नको, पूर्ण. टॉर्च घ्या आणि टिश्यू पेपर. हात ओला असेल तर बोटाला गळती कळत नाही, टिश्यूला कळते. नळाच्या खालच्या नटाभोवती, दोन्ही नळ्यांच्या जोडांवर, सिंकच्या कडेखाली आणि सांडपाण्याच्या पाइपाच्या प्रत्येक चुडीवर टिश्यूचा एकेक कोरडा तुकडा गुंडाळा. वर कुणाला तरी नळ सोडायला सांगा, दोन मिनिटं. मग सिंक काठोकाठ भरून एकदम सोडायला सांगा. काही जोड नुसत्या धारेला गळत नाहीत, पाण्याचा लोंढा आला की गळतात.

आता टिश्यू एकेक करून सोडवा. अशा वेळी मला नटाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा ओला ठिपका मिळाला आहे. बाकी सगळे तुकडे कोरडे. तेवढा ठिपका दिवसातून वीसदा नळ वापरला की वीसदा ओलावतो, आणि दगडाची कोरी कड तो तिथल्या तिथे शोषून घेते. खाली एक थेंबही पडत नाही, कपाट कोरडं राहतं, आणि माणूस छातीठोकपणे सांगतो की गळती नाही.

नळाची दांडी हाताने हलवून बघा. बुडाशी डुगडुगत असेल तर खालची चकती चेपली आहे, वर सांडलेलं पाणी भोकातून खाली जातं. नट आवळला किंवा चकती बदलली की काम होतं. हे तुम्ही करू शकता. मात्र पाण्याचा मुख्य कॉक आधी बंद करा, आणि नट फिरत नसेल तर जोर लावू नका. जुनी पितळी चुडी तुटली तर स्वयंपाकघरात तळं होतं.

सहावी: सांधे

सिंक आणि दगड, दगड आणि भिंत यांच्यामधली सिलिकॉनची रेघ नखाने दाबत न्या. कुठे पोकळ लागली, सुटली, आतून काळी दिसली तर पाण्याला वाट आहे. सगळी रेघ पात्याने कापून काढा. फुटली तिथेच ठिगळ लावू नका, जुन्या सिलिकॉनला नवं धड चिकटत नाही.

कापून झाल्यावर लगेच भरायचं नाही. हेच लोकांना जड जातं. सांधा उघडा ठेवून पंखा लावा आणि टेपच्या आतला डाग सुकेपर्यंत थांबा. कधी तीन दिवस, कधी दोन आठवडे. भरताना नैसर्गिक दगडाला डाग न पाडणारं, न्यूट्रल जातीचं सिलिकॉनच घ्या. व्हिनेगरसारखा वास मारणारं नको. काही स्वस्त सिलिकॉनमधलं तेल दगडात झिरपतं, आणि ती चौकटीसारखी गडद किनार तिथूनच येते. नळाच्या बुडाखाली थापतात त्या तेलकट पुटीचंही तेच: तिच्यातलं तेल दगड पितो आणि नळाभोवती कायमचं काळं वलय उमटतं. अशी किनार पाण्याच्या इलाजाने जाणार नाही, तिला तेलाचा इलाज लागेल.

सातवी: भिंत

सिंकखाली सगळं कोरडं, सांधे धड, तरी भिंतीलगतची पट्टी ओली. आता भिंतीतल्या पाइपावर संशय घ्या. रात्री झोपण्याआधी घरातले सगळे नळ आणि टाक्यांचे कॉक बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा, सकाळी एक थेंब वापरायच्या आधी पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर पाइप कुठेतरी गळतोय. भिंत फोडायची की नाही हे ठरवणं प्लंबरचं काम. त्या भिंतीत विजेचं बटण किंवा सॉकेट असेल तर त्या भागाचा वीजपुरवठा बंद ठेवा आणि इलेक्ट्रिशियनलाही बोलवा. यात प्रयोग नकोत.

रसद तुटली, डाग उरला: पोटीस

पाण्याचा डाग वाळला की आपोआप जातो. तेल, कॉफी, रंग यांचा जात नाही, तो ओढून काढावा लागतो. त्यासाठी पोटीस, अगदी गळवाला लावायचे तशीच. तत्त्वही तेच: पातळ द्रव दगडात शिरून डाग सोडवतो, वरची कोरडी पूड सुकता सुकता तो द्रव आणि त्यासोबत डाग वर खेचते.

पूड म्हणून पांढरी चिनी माती म्हणजे केओलिन, नाहीतर खाण्याचा सोडा. तेलासाठी ॲसिटोन. कॉफी किंवा तशा सेंद्रिय डागासाठी औषधाच्या दुकानात मिळणारं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. गडद दगडावर पेरॉक्साइड आधी कोपऱ्यात करून बघा, कधी रंग उतरतो. ॲसिटोन वापरताना शेगडी बंद, खिडक्या उघड्या, आणि दोन तुकडे जोडलेल्या सांध्यापासून लांब, कारण सांध्यातला डिंक त्याने मऊ पडू शकतो.

दह्याइतकी घट्ट पेस्ट करा. डागापेक्षा बोटभर पुढेपर्यंत, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर जाड थापा. वर प्लास्टिक, कडांना टेप. एक दिवस तसंच ठेवा. मग प्लास्टिक काढा आणि पेस्ट पूर्ण वाळू द्या. लोक चुकतात ते इथे. प्लास्टिक काढल्याबरोबर ओली पेस्ट पुसून टाकतात आणि "काही फरक नाही" म्हणतात. पेस्ट वाळते तेव्हाच डाग चढतो. वाळून तडकली की लाकडी पट्टीने खरवडा, पुसा, आणि एक दिवस थांबून निकाल बघा, कारण लगेच पाहिलं तर दगड ओलाच असतो. जुना तेलकट डाग एका पोटिसात जात नाही, दोन-तीन लागतात. तिसऱ्यानंतरही तसूभर हलला नसेल तर थांबा.

ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि अमोनिया कधीही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो.

गंजाचे ठिपके ही वेगळीच कथा. बाहेरून आलेला गंज, म्हणजे डब्याचं बूड किंवा तारेचा तुकडा, काढता येतो. पण दगडातच लोहयुक्त खनिजं असतील आणि ती ओलाव्याने गंजत असतील तर पोटिसाने आज काढाल, उद्या पुन्हा उगवतील. तिथे इलाज एकच, ओलावा तोडणं. गंज काढणारं कुठलंही तयार रसायन घेण्याआधी लेबल वाचा. त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल तर बाटली खाली ठेवा. ज्या ग्रॅनाइटला लिंबू शिवत नाही त्याचं पॉलिश हे आम्ल खाऊन टाकतं, कारण ते क्वार्ट्झ-फेल्डस्परमधल्या सिलिकालाच धरतं. कातडीतून आत शिरून माणसालाही जिवावरची इजा करतं.

आता सीलर

टेपमधली जागा निदान आठवडाभर कोरडी राहिली असेल आणि थेंबाच्या तपासणीत दगड गडद होत असेल, तरच. आत मुरणारा सीलर घ्या, वर थर धरणारा नको. डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरता मुरू द्या आणि उरलेला वाळायच्या आत फडक्याने पूर्ण उचला. "जरा जास्त राहिला तर बरंच" असा विचार केलात की चिकट धुरकट थर बसतो. काळा डोलेराइट किंवा गॅब्रो असेल तर बहुतेकदा सीलर लागतच नाही. पंधरा मिनिटांत थेंब मुरला नाही ना? मग डबा परत करा. नळाच्या भोकाची आतली कोरी कड मात्र, नळ काढलेलाच असेल तर, हात लागतोय तोवर सील करून घ्या. वरचा सगळा ओटा सील करण्यापेक्षा ती चार बोटं कड जास्त काम करते.

हात आखडता घ्या आणि माणूस बोलवा

भेग दिसली तर. आधी नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ती दगडाची जन्मजात शीर असू शकते, तिला हात लावू नका. नख अडकलं, दोन बाजू वरखाली झाल्या, किंवा टेप लावून महिन्याभरात लांबी वाढली, तर तो तडा. सिंकच्या पुढची अरुंद पट्टी ही त्याची आवडती जागा. काही ठिकाणी तिथे खालून खाच पाडून आधाराला लोखंडी सळई बसवलेली असते. पाणी पोचलं की ती गंजते, गंजलेलं लोखंड जास्त जागा मागतं, आणि दगड आतून फुटतो. तड्याच्या कडेला तांबूस रेघ दिसली तर सळईच समजा. यावर वरून डिंक ओतणं म्हणजे फुटक्या घागरीला रंग देणं. सळई काढावी लागते, आणि ते कारागिराचं काम आहे.

दगडाला तडा गेला की भलेभले हात टेकतात. इजिप्तमध्ये आस्वानच्या खाणीत ग्रॅनाइटचा एक ओबेलिस्क, म्हणजे एकसंध दगडाचा उंच खांब, आजही आडवा पडून आहे, सुमारे 42 मीटर लांब. कोरता कोरता तडे गेले आणि हजार टनांहून जड असलेलं ते काम तिथेच सोडून द्यावं लागलं. ते लोक ग्रॅनाइट ठेचायला गोळे वापरत डोलेराइटचे, म्हणजे आपण ज्याला काळं ग्रॅनाइट म्हणून ओट्यावर बसवतो त्याच दगडाचे.

गरम भांड्याने फुटेल का, असंही विचारतात. क्वार्ट्झची रचना 573 अंश सेल्सिअसला बदलते, ओट्यावर एवढं तापमान येत नाही. पण क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार तापल्यावर सारखे फुगत नाहीत, त्यामुळे आधीच शीर असलेल्या जागी तापलेलं जड भांडं ठेवणं आणि लगेच गार पाणी ओतणं टाळा.

ओटा दाबल्यावर हलतो, खालच्या कपाटाची फळी फुगली आहे, पॉलिशच गेलं आहे, या तिन्ही वेळी थांबा. पॉलिश परत आणायला हिऱ्याच्या चकत्या, जाडसर ते अगदी बारीक अशा पायऱ्या आणि पाण्याची धार सोडत चालणारं यंत्र लागतं. घरच्या ग्राइंडरने केलेल्या वर्तुळांच्या खुणा काढायला मला मूळ कामापेक्षा दुप्पट वेळ लागतो.

आणि दगड घरात कोरडा कापू किंवा घासू देऊ नका, कारागीर म्हणाला तरी. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, तिच्यातले सूक्ष्म कण फुफ्फुसात बसले की निघत नाहीत. अमेरिकेत 2016 च्या नियमाप्रमाणे कामगाराच्या श्वासातल्या हवेत ही धूळ घनमीटरला सरासरी 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. सिलिकाचं प्रमाण त्याहून कितीतरी जास्त असलेला कृत्रिम दगड तर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून बंदच केला. पाण्याची धार सोडून काम करणारा माणूस मिळत नसेल तर दुसरा शोधा.

कारागीर किंवा प्लंबर यायचा असेल तेव्हा त्याला तारखांचे फोटो दाखवा आणि कुठला टिश्यू ओला झाला ते सांगा. आणि दगडावरची टेप तो येऊन बघेपर्यंत काढू नका.